वाचक विचारतात : तलवार, गिटार आणि हरणाऱ्याचे गाणे

गेल्या अंकात व्हिडिओ गेममधील संगीतावर लिहिताना ‘मेटल गिअर रायझिंग : रिव्हेंजन्स’ या गेमचा ओझरता उल्लेख आला होता आणि त्याची गाणी हेवी मेटल या ढणढणत्या रॉक संगीतप्रकारातली असली तरी आशय शोकांतिकेचा आहे, असे एक वाक्य आम्ही लिहून गेलो होतो. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. ज्यांना हा गेम परिचित नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो की, ओसाका येथील प्लॅटिनम गेम्स या कंपनीने तो तयार केला आणि कोनामीने तो फेब्रुवारी २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० साठी बाजारात आणला. दिग्दर्शन केन्जी साइतो यांचे आहे, तर संगीत जेमी क्रिस्टोफरसन या अमेरिकी संगीतकाराचे. नायक रायडन हा लायबेरियाच्या यादवी युद्धात कोवळ्या वयात हाती बंदूक दिला गेलेला आणि आता जवळजवळ सगळे शरीर यांत्रिक झालेला तलवारबाज आहे.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा हा गेम खेळतो. दार लोटलेले असले तरी ढणढणाट आणि ओरडणे स्वयंपाकघरापर्यंत येते. आपण त्यात शोककथा आहे म्हणता, मला मात्र त्यात नुसता संताप ऐकू येतो. असले संगीत ऐकून मूल तापट होते का? – एक आई, सांगली

उत्तर : संगीताकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. युरोपातील पेगी या मानांकनात हा गेम अठरा वर्षांवरील खेळाडूंसाठी आहे आणि अमेरिकेतील मानांकनात सतरा वर्षांवरील. माणसांचे व यंत्रमानवांचे तलवारीने तुकडे करणे हाच त्याचा मुख्य व्यवहार असल्यामुळे चौदाव्या वर्षी तो खेळू नये, असेच आमचे मत आहे. त्याला आणखी तीन-चार वर्षे थांबायला सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मात्र ते सांगताना दोष गिटारच्या माथी मारू नये, कारण हरकत घेण्याजोगी गोष्ट पडद्यावर आहे.

हेवी मेटलमध्ये संताप असतो हे खरेच आहे, पण त्या संतापाच्या तळाशी बहुधा काहीतरी गमावलेले असते. या प्रकाराचा उगम ज्यांच्यापाशी मानला जातो त्या ब्लॅक सॅबथ या बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९७० साली आली. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यातील यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या करून बोटांवर चढवल्या, बारीक तारा लावल्या आणि पुढे दाबायला सोप्या जाव्यात म्हणून तारा सैल करून सूर खाली उतरवला. मेटलचा जो जड, खर्जातला आवाज आपल्याला दाराआडूनही ओळखू येतो, त्याची एक मुळी त्या जायबंदी हातात आहे. पुढे १९८८ मध्ये मेटॅलिका या मेटल वाद्यवृंदाने युद्धात हातपाय, दृष्टी आणि श्रवण गमावूनही जिवंत राहिलेल्या सैनिकाच्या तोंडी एक गाणे घातले. त्यात ढोल मशीनगनसारखे वाजतात, पण गाणे आहे ते मरण मागणाऱ्याचे. शरीर हरवलेल्या सैनिकाची कथा सांगणाऱ्या गेमने मेटलची भाषा निवडली, यात म्हणूनच आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

तापटपणाविषयी २०१५ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठातील संशोधकांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता. असे संगीत नियमित ऐकणाऱ्या १८ ते ३४ वयाच्या ३९ जणांना त्यांनी आधी राग आणणाऱ्या आठवणी सांगायला लावल्या आणि मग काहींना त्यांच्या आवडीचे मेटल ऐकू दिले, तर काहींना शांत बसवले. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही, उलट त्यांची मनःस्थिती सुधारली. अर्थात ही माणसे मुळातच या संगीताची शौकीन होती, सारी सज्ञान होती आणि संख्येने थोडी होती, त्यामुळे हा निष्कर्ष आपल्या मुलाला जसाच्या तसा लावता येणार नाही. खात्रीची काळजी आहे ती कानांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार मुलांनी ७५ डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तासांहून अधिक ऐकू नये, आणि पातळी थोडी जरी वाढली तरी हे तास भराभर कमी होतात. तेव्हा आवाज कमी करायला अवश्य सांगा.

प्रश्न : पहिल्याच मोठ्या लढाईत नुसते वाद्यसंगीत चालू असते आणि अचानक गायकाचा आवाज सुरू होतो. त्या क्षणी अंगावर काटा येतो. ही योजना कशी केलेली असते? शिवाय माझा मित्र म्हणतो की ही गाणी नायकाची नसून शत्रूची आहेत. ते खरे आहे का? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : आपण म्हणता तो प्रसंग आठवून पाहू. मेटल गिअर रे हे इमारतीएवढे यंत्र रायडनवर आपले प्रचंड पाते उगारते. खेळाडू बटण भराभर दाबत ते पाते अडवून धरतो, रायडनचे पाय जमिनीवर मागे घसरत जातात आणि मग तो ते सगळे धूड उचलून भिरकावतो. जेसन चार्ल्स मिलर यांचा आवाज नेमका त्या फेकीवर येतो आणि ‘रूल्स ऑफ नेचर’ हे गाणे, जे तोवर केवळ गिटार आणि ढोलांवर चालले होते, शब्दांसह उघडते. अशा रचनेत वाद्यांचा पट आणि गायनाचा पट वेगवेगळे, पण एकाच लयीत चालणारे ठेवतात. लढाई ठरावीक टप्प्यावर पोचली की गायनाचा पट उघडतो. खेळाडू तेथे दुसऱ्या मिनिटाला पोचेल की सातव्या, हे संगीतकाराला आधी ठाऊक नसते. म्हणून गाणे घड्याळाकडे न पाहता खेळाडूच्या हातांकडे पाहते. चित्रपटाच्या संगीतकाराला ही अडचण नसते आणि ही संधीही नसते.

मित्राचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि या गेमविषयी आम्हाला जे सांगायचे आहे तेही हेच. येथे प्रमुख शत्रूला आपले स्वतःचे गाणे आहे. त्याचे शब्द साधारणपणे तो शत्रू हरण्याच्या बेताला आला की ऐकू येऊ लागतात. म्हणजे ज्या क्षणी खेळाडूच्या अंगात सर्वाधिक वीरश्री चढते, त्याच क्षणी मरणारा माणूस स्वतःविषयी बोलू लागतो. मेटलचा जोश आणि शोक असे दोन थर येथे नाहीत. जो आवाज खेळाडूला पुढे रेटतो, तोच त्याला समोरच्याची कैफियत ऐकवतो.

मिस्ट्राल घ्या. ती अल्जीरियात वाढलेली. तेथील यादवीत आईवडील मारले गेल्यावर तिने त्यांच्या मारेकऱ्यांना ठार केले आणि मारणे आपल्याला जमते, हे तिला तेव्हा कळले. पुढचे आयुष्य तिने लढण्यासाठी एखादे कारण शोधण्यात घालवले. ‘अ स्ट्रेंजर आय रिमेन’ हे तिचे गाणे फ्री डोमिंगेझ यांनी गायले आहे. त्यात मेटलपेक्षा इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा भाग मोठा आहे आणि कोठेच घर नसलेल्या बाईचा सूर त्या यांत्रिक तालावर तरंगत राहतो. तिच्याशी लढत असताना खेळाडूच्या कानी यातले किती पडते, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या मते पहिल्या वेळी फारसे पडत नाही. हरून पुन्हा पुन्हा तीच लढाई खेळणाऱ्याला मात्र शब्द हळूहळू पाठ होतात. त्यामुळे या गेममध्ये अनाडी खेळाडूला कथा अधिक कळते, असे गमतीने म्हणता येईल.

सर्वांत सरस उदाहरण सॅम्युएल रॉड्रिग्ज म्हणजे जेटस्ट्रीम सॅम याचे. हा ब्राझीलचा तलवारबाज. सुरुवातीच्या प्रकरणात त्याने रायडनचा एक डोळा आणि एक हात घेतलेला असतो. शेवटची गाठ पडते ती अमेरिकेतील डेन्व्हर शहराबाहेरच्या ओसाड माळावर, जेथे दुसरा एकही शत्रू नाही, मदतनीस नाही आणि आडोशाला काहीच नाही. त्याच्या गाण्यात मोडक्या आठवणी आहेत आणि विसरून गेलेली ओळख आहे. गंमत अशी की त्यातला ‘मी’ कोण, हे शेवटपर्यंत निश्चित सांगता येत नाही. ओळ सॅमला लागू पडते तशीच रायडनलाही पडते, कारण दोघांनीही एका चांगल्या हेतूने तलवार उचलली आणि पुढे हेतू मागे पडून तलवार तेवढी हातात राहिली. सॅमची तलवार हातातून सुटली तर तो नुसत्या हातांनी लढतो. तो कोसळल्यावर रायडनच्या लक्षात येते की, उजवा हात सोडला तर या माणसाचे शरीर हाडामांसाचेच होते. आपण एवढा वेळ यंत्राशी झुंजत आहोत असे खेळाडू धरून चाललेला असतो आणि एका वाक्यात सगळ्या लढाईचा अर्थ पालटतो. ढणढणाट तोवर थांबलेला असतो, माळावर फक्त वारा असतो.

याच्या उलट बाजूलाही बोट ठेवले पाहिजे. सनडाउनर हा शत्रू युद्ध आवडते म्हणून युद्ध करतो. त्याच्या भूतकाळाला वजन नाही, त्यामुळे त्याचे ‘रेड सन’ हे गाणे कितीही तडफदार असले तरी ते केवळ तडफदारच राहते. मेक्सिकोतील प्रयोगशाळेत रस्त्यावरच्या मुलांचे मेंदू काढून त्यांना लढाऊ यंत्रांसाठी तयार करण्याचा जो भयंकर धागा कथेत आहे, त्याला तर या गेमने पुरेसा वेळच दिलेला नाही. स्वतः बालसैनिक असलेल्या नायकाच्या कथेत हा धागा मध्यवर्ती असायला हवा होता. घाईने लिहिल्यासारखे वाटते, आणि त्यामागे इतिहासही आहे. हा गेम प्रथम २००९ मध्ये कोनामीच्याच कोजिमा प्रॉडक्शन्स या विभागाने वेगळ्या नावाने जाहीर केला होता, तो तेथे पूर्ण होईना, तेव्हा प्लॅटिनम गेम्सकडे सोपवण्यात आला.

प्रश्न : शत्रूविषयी एवढी सहानुभूती असेल, तर त्याच शत्रूचे तुकडे केल्यावर बक्षीस कसे मिळते? हा ढोंगीपणा नाही का? – एक शिक्षक, नाशिक

उत्तर : आपण अगदी वर्मावर बोट ठेवले आहे. या गेममध्ये वेळ संथ करून शत्रूचे हवे तसे काप करता येतात आणि त्याच्या शरीरातून निळसर चमकणारा भाग उपटून घेतला की रायडनची गेलेली ताकद भरून येते. क्रूरता हाच औषधोपचार असल्यासारखे झाले. लढाई संपली की गुण मोजून श्रेणीही मिळते.

लेखकांना या विसंगतीची जाणीव होती, असे मानायला एक प्रसंग पुरेसा आहे. डेन्व्हरमध्ये वर्ल्ड मार्शल या खासगी लष्करी कंपनीच्या सुरक्षा सैनिकांना रायडन कापत सुटलेला असतो. हे सगळे गुन्हेगारांचे हस्तक आहेत, मी दुर्बळांच्या रक्षणासाठी तलवार धरली आहे, अशी त्याची भूमिका. मग त्याला त्या सैनिकांच्या मनातले ऐकवले जाते. कोणाला मरायचे नसते, कोणी घरच्यांसाठी ही नोकरी धरलेली असते. रायडनचा हात जड होतो आणि खेळाडूच्या हातीही तो पूर्वीसारखा चपळ राहत नाही. त्यानंतर मॉन्सून हा कंबोडियातील नरसंहारातून वाचलेला शत्रू त्याला सुनावतो की माणूस स्वतःच्या इच्छेने काहीच करत नाही, परिस्थितीने पेरलेले विचार तेवढे पुढे नेतो. यावर एखाद्या सरळ कथेत नायकाने तलवार खाली ठेवली असती. रायडन मात्र आपल्या डॉक्टरला शरीरातील वेदनाशामक यंत्रणा बंद करायला सांगतो आणि लहानपणी युद्धात मिळालेले ‘जॅक द रिपर’ हे नाव पुन्हा अंगावर घेतो. मारण्यात आपल्याला सुख वाटते, हे तो कबूल करतो. येथे जे संगीत उसळते ते विजयाचे वाटते खरे, पण कथेच्या हिशेबाने ते नायकाच्या पराभवाचे आहे.

तरीही आपला आक्षेप पूर्ण निकालात निघत नाही. एवढे ऐकवून झाल्यावरही पुढच्या लढाईनंतर पडद्यावर श्रेणी झळकतेच, आणि सैनिकांची भीती ऐकलेला खेळाडू श्रेणी वाढवण्यासाठी आणखी सफाईने कापू लागतो. गेमने खेळाडूला आरसा दाखवला आणि लगेच तो बाजूला ठेवला, असे आम्हाला वाटते. ढोंगीपणा हा शब्द आम्ही वापरणार नाही, पण कच खाल्ली हे निश्चित.

प्रश्न : मी गायन शिकवते. आमच्या संगीत नाटकात पद सुरू झाले की कथा थांबते, पात्र मरणाच्या दारात असले तरी ‘वन्समोअर’ घेते. आपण सांगता त्या गाण्यांचे नाते यापैकी कशाशी लावावे? – एक वाचक, फोंडा

उत्तर : नाते उलटे आहे, म्हणून तुलना उपयोगी पडते. नाट्यपदात काळ थांबतो आणि भाव विस्तारतो. गायकाला आलाप-तानांसाठी अवकाश मिळतो, श्रोत्याला दाद द्यायला फुरसत मिळते. या गेममध्ये गाणे सुरू झाले की काळ अधिक वेगाने धावतो. भावाचा विस्तार होत नाही, तो एकाच सुरावर दाबून धरलेला राहतो आणि श्रोत्याचे दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे दाद देण्याची सोयच नसते. पण दोन्हीकडे पात्राला गद्यात जे बोलता येत नाही ते ते सुरात बोलते, एवढे साम्य मान्य करावे लागेल. मिस्ट्राल किंवा सॅम संवादांत उपरोधाने, मिजाशीने बोलतात. एकटेपणाची कबुली दोघांच्याही फक्त गाण्यात आहे.

आपण गायनाच्या शिक्षिका आहात म्हणून एक सुचवावेसे वाटते. ‘इट हॅज टू बी धिस वे’ हे शेवटचे गाणे एकदा पडदा न पाहता ऐका. मेटलमधला घोगरा, घशातून ओढलेला आवाज सगळीकडेच असतो असे नाही. येथे गायक मोकळ्या, चढ्या आवाजात लांब ओळी गातो आणि गाण्याचे सार असे की, समोर उभा असलेला तू माझ्यासारखाच आहेस, तरीही हे असेच व्हायला हवे. हे गाणे सिनेटर आर्मस्ट्राँग या अखेरच्या शत्रूचे. त्याने रायडनची तलवार मोडून टाकलेली असते, आणि मग रायडनच्या हाती मेलेल्या सॅमची तलवार येते. कुलूपबंद असलेली ती तलवार काही काळाने आपोआप उघडेल, अशी व्यवस्था सॅमने मरण्याआधीच करून ठेवलेली असते. ज्याला मारले त्याच्या शस्त्राने, ज्याच्यासारखे आपण होत चाललो आहोत त्याला मारायचे, अशी ही रचना आहे. मरताना आर्मस्ट्राँगच्या चेहऱ्यावर समाधान असते, कारण रायडनमध्ये त्याला आपला वारस दिसतो.

प्रश्न : आमच्या कॉलेजात या गेमची गाणी केवळ विनोदी व्हिडिओंत ऐकू येतात. आर्मस्ट्राँग तर सगळ्यांचा चेष्टेचा विषय आहे. मग शोकांतिका उरते कोठे? – एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : २०२२ च्या सुमारास या गेमच्या तुकड्यांची मीम म्हणून लाटच आली आणि त्यामुळे नऊ वर्षे जुना गेम नव्या पिढीच्या हाती पडला. या लाटेचा दोष गेमच्या शत्रूंना देता येत नाही, पण श्रेय त्यांचेच आहे. अमेरिकेचा सिनेटर शर्ट फाडून, अंगातील सूक्ष्मयंत्रांच्या बळावर तलवार झेलतो, हे दृश्य हास्यास्पद आहेच, आणि करणाऱ्यांनाही ते ठाऊक होते. मेटलला अतिशयोक्तीचे वावडे कधीच नव्हते. त्याच्या कवट्या, काळे कपडे, पाच मिनिटांचे गिटारवादन हे सारे जाणूनबुजून ताणलेले असते आणि त्या ताणाखाली खरी वेदना ठेवलेली असते. ज्याला फक्त ताण दिसतो तो हसतो. त्याला हसू द्यावे. व्हिडिओतला पंधरा सेकंदांचा तुकडा म्हणजे नेमका गायन उघडण्याचा क्षण असतो. त्याच्या आधीची लढाई कापलेली असल्यामुळे मरणारा कोण आणि तो काय म्हणत होता, हे त्यात येऊच शकत नाही.

प्रश्न : हा गेम खेळण्यापूर्वी मालिकेतील आधीचे गेम खेळणे आवश्यक आहे का? – एक वाचक, दुबई

उत्तर : आवश्यक नाही. रायडन प्रथम २००१ च्या दुसऱ्या ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये आला आणि २००८ च्या चौथ्या भागात यांत्रिक शरीरासह परतला. त्या भागातील घटनांनंतर चार वर्षांनी, म्हणजे कथेतल्या काळानुसार २०१८ मध्ये, ही कथा घडते. पूर्वेतिहास ठाऊक असेल तर त्याचे बालपण अधिक बोचेल, एवढेच. जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या संगणकाच्या आवृत्तीत दोन जोडप्रकरणेही आहेत आणि त्यांपैकी सॅमचे प्रकरण मुख्य कथा संपल्यावर खेळावे. त्यात आपण सॅम होऊन आर्मस्ट्राँगपर्यंत पोचतो. लढाई जिंकल्याशिवाय पुढचे दृश्य दिसत नाही, आणि त्या दृश्यात सॅम आपला उजवा हात गमावतो व त्याच माणसाच्या चाकरीत जातो.